मधल्या पाण्यातला मासा: रायगडची तळी, खाड्या आणि समुद्र

पाणी वरपासून तळापर्यंत एकसारखे नसते. उन्हाने तापलेले हलके पाणी वर राहते, गार आणि जड पाणी खाली बसते. या दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो, त्यात थोड्याच खोलीत तापमान झपाट्याने उतरते. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मेंडोटा तलावाचा अभ्यास करणारे एडवर्ड बर्ज यांनी 1897 मध्ये ही संज्ञा वापरात आणली. उत्तर अमेरिकेतील तलावांत भर उन्हाळ्यात बास जातीचे शिकारी मासे काठ सोडतात, तळही सोडतात आणि या पट्ट्याच्या किंचित वर, मधल्या पाण्यात अधांतरी उभे राहतात. गळ टाकणाऱ्याला ते काठावर सापडत नाहीत आणि तळाशीही सापडत नाहीत.

रायगड किनाऱ्यावर हा बास नाही. त्याच्या जागी जिताडा आहे. जगभर एशियन सी-बास किंवा बारामुंडी या नावांनी ओळखला जाणारा हा मासा कुळाने अमेरिकी बासपासून वेगळा असला, तरी दबा धरून शिकार करण्याची सवय तीच आहे. अलिबाग-पेणच्या खारेपाटातील तळी, धरमतर, रेवदंडा आणि राजपुरीच्या खाड्या आणि बाहेरचा अरबी समुद्र या तिन्ही ठिकाणी पाण्याचे थर पडतात, मात्र त्यांची कारणे निराळी आहेत. कारण कोणतेही असो, मासा कोणत्या जागी आहे याच्या आधी तो किती खोलीवर आहे हे ठरवावे लागते.

थर कसे पडतात

गोडे पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि त्यापुढे तापेल तसे हलके होत जाते. हे हलके होणे सर्व तापमानांना सारखे नसते. पाणी 4 वरून 5 अंशांवर गेले तर घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या सुमारे तीसपट फरक 24 वरून 25 अंशांवर जाताना पडतो. म्हणून थंड देशांतल्या तलावांत थर टिकायला तापमानात मोठी तफावत लागते, कोकणात मात्र दोन-तीन अंशांचा फरकही वरचे आणि खालचे पाणी वेगळे ठेवायला पुरतो. वारा हे थर मोडू पाहतो. पाणी उथळ आणि मोकळे असेल तर वाऱ्याचा जोर चालतो. पाणी खोल असेल किंवा भोवती डोंगर, झाडी असेल तर थर टिकून राहतात. मुळशी, वळवण, ठोकरवाडी यांसारखे घाटमाथ्यावरचे टाटांचे जलाशय खोल आहेत. त्यांचेच पाणी घाटाखाली भिरा, खोपोली आणि भिवपुरी येथील वीजघरांत उतरते. अशा खोल पाण्यात उन्हाळी थर अधिक स्पष्ट असतो.

मीठ हे थर पडण्याचे दुसरे कारण आहे. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ जास्त असले तर ते पाणी अडीच अंश गार केल्याइतके जड होते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असते आणि नदीच्या पाण्यात जवळजवळ नसतेच. त्यामुळे जिथे गोडे आणि खारे पाणी भेटते तिथे तापमानापेक्षा मिठाने पडलेला थर कितीतरी पक्का असतो.

थर पडले की वरची हवा खालच्या पाण्यापर्यंत पोहोचत नाही. 30 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. वरच्या थरात तो वाऱ्याने आणि शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणाने भरून निघतो. तळाशी मेलेले शेवाळ, पाने आणि विष्ठा कुजते, त्यात प्राणवायू खर्च होतो आणि नवा येत नाही. प्रमाण 3-4 मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक मासे तिथून हटतात आणि 2 मिलिग्रॅमच्या खालच्या पाण्यात फार थोडे जीव तग धरतात. अशा वेळी थर्मोक्लाइन हाच माशांसाठी तळ ठरतो. खरा तळ त्याच्या कितीही खाली असो, मासा तिथे जात नाही.

वरच्या बाजूला अतितप्त पाणी आणि प्रखर उजेड मासा टाळतो. उरतो तो मधला पट्टा. तिथे अन्नही असते. वरून बुडणारे सूक्ष्म जीव आणि कण जड पाण्याशी आले की त्यांचा वेग मंदावतो, त्यामुळे सीमेवर त्यांची दाटी होते. खालून क्षार मिळतात आणि वरून थोडा उजेड, म्हणून काही शेवाळही तिथेच वाढते. त्यावर प्लवक जगतात, प्लवकांवर लहान मासे जगतात आणि लहान माशांमागे शिकारी येतात.

माशाच्या पोटातली पिशवी

बहुतेक हाडधारी माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यातली हवा कमीजास्त करून मासा एका खोलीवर फारसे न पोहता उभा राहू शकतो. कोळी तिला बोत म्हणतात; घोळ माशाची बोत परदेशी बाजारात मोठ्या किमतीला जाते. पाण्याचा दाब दर 10 मीटरला एका वातावरणाने वाढतो. म्हणून पृष्ठभागाशी असलेली पिशवी 10 मीटरवर निम्मी होते आणि 20 मीटरवरून मासा एकदम वर आला तर ती तिपटीने फुगते. जिताडा आणि घोळ यांच्यासारख्या माशांत ही पिशवी घशाशी जोडलेली नसते. तिच्यातली हवा रक्तातून हळूहळू भरावी लागते आणि हळूहळूच काढावी लागते.

यावरून त्याचे वागणे कळते. मधल्या पाण्यातला मासा आडवा दूरवर जाईल, पण खालीवर जायला नाखूश असतो. आमिष त्याच्या पातळीपासून बरेच वर किंवा खाली गेले तर तो त्यामागे येत नाही. त्यातही आमिष थोडे वर असलेले बरे, कारण वरच्या उजेडाच्या पार्श्वभूमीवर भक्ष्याची काळी आकृती त्याला स्पष्ट दिसते. बोंबलाची गोष्ट वेगळी आहे. त्याला हवेची पिशवीच नसते, अंग मऊ आणि पाणचट असते आणि तो भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर वाहतो. म्हणून बोंबील शोधताना पाण्याच्या प्रवाहाचा विचार आधी करावा लागतो.

खारेपाटातली तळी

जिताडा समुद्राच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर खाडीत, खाजणात आणि गोड्या पाण्यापर्यंत चढतात. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते, त्यामुळे अंडी घालणारे मासे आकाराने मोठे असतात. पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटात, शहापूर-धेरंडच्या परिसरात, पावसाळ्यात खाडीत सापडणारी पिल्ले गावच्या आणि घरच्या तळ्यात सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने 1997 मध्ये बंदिस्त पाण्यात जिताड्याचे प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून उबवणी केंद्रातले बीज मिळू लागले आणि आता राज्यात पिंजऱ्यातही हा मासा वाढवला जातो.

तळे उथळ असल्यामुळे तिथला थर ऋतूचा नसून दिवसाचा असतो. सकाळी पाणी एकजीव असते. ऊन चढले की वरचे हातभर पाणी तापू लागते आणि वारा पडलेला असेल तर दुपारी तीनपर्यंत वर आणि तळाशी तीन-चार अंशांचा फरक पडू शकतो. पाणी हिरवे आणि गढूळ असेल तर ऊन वरच्याच थरात अडकते आणि फरक वाढतो. या वेळी जिताडा वरच्या कोमट पाण्याखाली, पण चिखलाच्या बराच वर असतो. बांधावरच्या झाडाची सावली, पाण्यातले खोड किंवा खोलगट कोपरा असेल तर तो त्याला लागून उभा राहतो. रात्री वरचे पाणी गार होऊन खाली बसते आणि थर मोडतो. रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वसन मात्र चालू, म्हणून प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे पाण्याबाहेर तोंड काढू लागले तर तो धोक्याचा इशारा समजून पाणी खेळते करावे लागते.

खारेपाटातल्या तळ्यात आणखी एक प्रकार घडतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने आणि झिरपणाऱ्या खाऱ्या पाण्याने तळ्याचे पाणी खारट होते. मृगाचा पाऊस पडला की त्यावर गोड्या पाण्याचा थर पसरतो. खालचे पाणी मिठामुळे जड असते, म्हणून तापले तरी वर येत नाही. ऊन आत शिरते आणि खालचे खारे पाणी वरच्यापेक्षा गरम होते. अशा तळ्यात फक्त थर्मामीटर पाहणारा माणूस फसतो. पाणी चाखून किंवा क्षारतामापकाने तपासावे लागते. पुढे जोराचा वारा आणि पाऊस एकत्र आला की तळाचे प्राणवायू नसलेले पाणी एकदम वर मिसळते आणि एका रात्रीत मासे मरू शकतात. म्हणून मोठे झालेले जिताडे पावसाच्या आधी, पाणी उतरलेले असतानाच काढणे शहाणपणाचे ठरते.

खाडीतली सीमा

कोरड्या महिन्यांत धरमतरच्या किंवा रेवदंड्याच्या खाडीत थर फार टिकत नाहीत. या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो आणि इतकी ओढ उथळ पाणी तळापासून ढवळून काढते. पावसाळ्यात चित्र बदलते. अंबा, कुंडलिका आणि सावित्री भरून येतात, गढूळ गोडे पाणी वरून समुद्राकडे धावते आणि त्याच्या खालून खारे पाणी पाचरीसारखे आत शिरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीचा जोर कमी असतो तेव्हा ही सीमा अधिक स्वच्छ असते. उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, ती पुसट होते.

या सीमेचा फायदा जिताडा दोन प्रकारे घेतो. ओहोटीला वरचे पाणी जोरात वाहत असताना सीमेखालचे पाणी संथ असते, तिथे त्याला कमी श्रमात उभे राहता येते. आणि शेतातून, उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी आणि लहान मासळी वरच्या थरातून त्याच्या डोक्यावरून जाते. म्हणून खारबंदिस्तीच्या उघाड्यांची तोंडे, पुलाचे खांब, जेटीचे खुंट आणि खाडीच्या वळणावरचा खोल डोह या त्याच्या ठरलेल्या जागा. खोली मात्र सीमेनुसार बदलते आणि सीमा भरतीबरोबर तासातासाला खालीवर होते.

समुद्रातला गार थर

समुद्रातला थर सर्वांत मोठा आणि मासेमारीवर सर्वांत जास्त परिणाम करणारा आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोल समुद्रातले गार, प्राणवायू कमी असलेले पाणी उतारावरून चढून किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रतळावर पसरते. ही क्रिया केरळकडे आधी सुरू होऊन उत्तरेकडे सरकते. त्याच काळात पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी समुद्रावर काही मीटर जाडीचे झाकण घालते. वरून हवा नाही आणि खालून आलेले पाणी मुळातच निकस, अशा कोंडीत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा प्राणवायू जवळपास संपतो.

मुंबईसमोरच्या समुद्रातली ही घडामोड 1959 साली कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्टू यांनी 'नेचर' या नियतकालिकात मांडली. किमान प्राणवायूचा थर उतार चढून किनाऱ्याकडे येतो आणि मासेमारीवर परिणाम करतो, असे त्यांनी दाखवले. कार्ल बान्से यांनी 1968 मध्ये भारत-पाकिस्तानच्या पश्चिम किनाऱ्याचा आढावा घेतला. हे पाणी तळावर आले की तळाचे मासे जागा सोडतात, हे त्यात नोंदवले आहे. पुढे 1966 मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यात दोनापावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षे मोजण्या केल्या. या संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवले की पश्चिम किनाऱ्यावरचा हा कमी प्राणवायूचा पट्टा जगातल्या किनारी समुद्रांतील सर्वांत मोठ्यांपैकी आहे आणि काही ठिकाणी तळाशी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो.

मासळीवर याचा परिणाम दुहेरी असतो. तळावर राहणाऱ्या माशांना किनाऱ्याकडे उथळ पाण्यात किंवा वर मधल्या पाण्यात यावे लागते. बांगडा, तारली यांसारखे थव्याने फिरणारे मासे वरच्या पातळ थरात दाटीने राहतात. एका जागी मासा खूप मिळतो तेव्हा समुद्रात मासा वाढला असे वाटते; प्रत्यक्षात त्याला राहायला उरलेली जागा आकसलेली असते. हिवाळ्यात उत्तरेकडचे गार वारे वरचे पाणी थंड करून खाली बसवतात, थर मोडतात, प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो आणि मासा पुन्हा खोलीभर पसरतो.

थर शोधण्याचे मार्ग

सर्वांत साधे साधन म्हणजे दोरीवर वावा-वावाने (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढी लांबी) गाठी मारून तिला बांधलेली बाटली. बाटलीच्या तळाला शिसे आणि बुचाला वेगळी दोरी बांधतात. हव्या खोलीवर बूच ओढले की त्या खोलीचे पाणी बाटलीत भरते. ती लगेच वर घेऊन तापमान पाहायचे आणि थेंबभर चाखायचे. एकेक वाव खाली असे करत गेले की ज्या दोन गाठींमध्ये तापमान किंवा खारटपणा एकदम बदलतो, तिथे सीमा असते.

मोठ्या होड्यांवर आता फिश फाइंडर असतो. तो ध्वनीचा ठोका खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परतला तर वस्तू 15 मीटर खोल आहे. माशाच्या पोटातल्या हवेवरून ध्वनी जोरात परततो, म्हणून बोत असलेले मासे पडद्यावर ठळक दिसतात. सीमेवर जमलेल्या प्लवकांमुळे तिथे एक पुसट आडवी रेघ उमटते. अनुभवी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, ही रेघ काढून टाकण्यासाठी यंत्राची संवेदनशीलता कमी करत नाही, कारण तीच थराची खूण असते. रेघेवर लहान ठिपक्यांचा ढग आणि त्याच्या कडेला मोठ्या कमानी दिसल्या, तर लहान मासळी आणि तिच्यावर टपलेले शिकारी एकत्र आहेत असे समजावे.

हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचे पृष्ठतापमान आणि हरितद्रव्य पाहून मासेमारीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना देते. त्यात बंदरापासूनची दिशा, अंतर आणि तिथली समुद्राची खोली असते. उपग्रहाला पृष्ठभागच दिसतो, म्हणून मासा त्या जागी कोणत्या पातळीवर आहे हे तांडेलालाच ठरवावे लागते.

जाळे आणि गळ नेमक्या खोलीवर

तरत्या जाळ्याच्या वरच्या दोरीला बोये आणि खालच्या दोरीला शिसे असते. बोये थेट जाळ्याला बांधले तर जाळे पृष्ठभागाशी राहते. मध्ये दोर सोडला तर तेवढे खाली उतरते. समजा सीमा 10 वावांवर आहे आणि जाळ्याची उंची 5 वाव आहे. बोयांचा दोर 4 वाव सोडला तर जाळे चौथ्या ते नवव्या वावापर्यंत उभे राहते आणि सीमेच्या एक वाव वर थांबते. तोच दोर 10 वाव सोडला तर जाळे निर्जीव पाण्यात बसते आणि रिकामे निघते. डोलीचे, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याचे, तसे नाही. तिचे तोंड खुंटांच्या किंवा नांगरांच्या आधाराने ओढीसमोर उघडे धरलेले असते आणि ओढ थांबली की तिचे काम थांबते. तिच्यात मुख्यतः वाहत येणारा बोंबील, जवळा, मांदेली आणि करंदी सापडते.

गळाने जिताडा पकडताना खोली धरून ठेवणे हेच मुख्य कौशल्य असते. जिवंत कोळंबी लावलेला गळ तरंगत्या बोंडाखाली मोजून सोडावा आणि दोरीवर गाठ मारून ती खोली कायम ठेवावी. बुडणारे बनावट आमिष वापरायचे असेल तर आधी उथळ, ज्ञात खोलीच्या पाण्यात ते तळाला लागायला किती सेकंद लागतात हे मोजावे. सेकंदाला एक फूट बुडणारे आमिष दहापर्यंत मोजले की 10 फुटांवर असते. मग ते हळू आणि आडवे ओढावे, कारण जोरात ओढल्यास ते वर चढते. चालत्या होडीमागून गळ ओढताना दोरीची लांबी म्हणजे खोली नव्हे: सरळ ताणलेली 20 मीटर दोरी पाण्याशी 30 अंशांचा कोन करत असेल तर आमिष फक्त 10 मीटर खाली असते.

अंधार पडला की प्लवक वर चढतात, लहान मासे त्यांच्यामागे येतात आणि शिकारीही वर सरकतात. म्हणून संध्याकाळी गळ टप्प्याटप्प्याने वर घ्यावा लागतो. रात्री प्रखर दिवे लावून ही सगळी साखळी एका ठिकाणी खेचता येते आणि लहानमोठा सगळा मासा एकदम उपसला जातो. त्यामुळेच एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आहे.

थोडे राखून पकडणे

थरांनी कोंडलेला मासा सापडायला सोपा असतो आणि संपवायलाही. 1 जून ते 31 जुलै ही पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी अनेक जातींच्या विणीच्या काळाला आधार देते. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारही ठरवून दिले. जिताड्यात मोठ्या माद्या थोड्याच असतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी खाडीमुखाजवळ त्यांना सोडून देणे पुढच्या पिल्लांसाठी महत्त्वाचे आहे. खोल पाण्यातून झटकन ओढलेला लहान मासा परत सोडला तरी फुगलेल्या पिशवीमुळे तो खाली जाऊ शकत नाही आणि पृष्ठभागावरच मरतो. तो जगावा असे वाटत असेल तर त्याला सावकाश वर घ्यावे, पाण्याबाहेर कमीत कमी ठेवावे आणि वजन बांधलेल्या दोरीने पुन्हा त्याच्या खोलीवर उतरवून सोडावे. पोट टोचून हवा काढण्याचा प्रयत्न अननुभवी हाताने करू नये. आतडे फाटले तर मासा वाचत नाही.